मैत्रिणींचें हितगुज

शाळा सुटल्यावर दोन मैत्रिणी फाटकापाशीं तासभर बोलत उभ्या राहिल्या, तर घरची मंडळी उशिराबद्दल रागावतात. मनांतून मात्र त्यांना बरेंच वाटतें. मन मोकळें केल्यानें दुःख हलकें होतें, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा समज. तो खोटा नव्हे. पण अपुरा आहे.

अमेरिकेंतील मिसूरी विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ अमांडा रोझ यांनीं २००२ सालीं एका विशिष्ट हितगुजाकडे लक्ष वेधलें. त्यांत तीच अडचण पुनःपुन्हां उगाळली जाते. तिचीं कारणें, पुढें काय ओढवेल याचे तर्क आणि झाल्या गोष्टीचा खेद, यांतच सारा वेळ जातो. पुढें त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ८१३ विद्यार्थ्यांची सहा महिन्यांच्या अंतरानें पाहणी केली. ती २००७ सालीं प्रसिद्ध झाली. अशा बोलण्यांत रमणाऱ्या मुलींची मैत्री दृढ झाली, आणि त्याबरोबरच खिन्नता व चिंताही वाढली. मुलग्यांची मैत्री तेवढी वाढली, खिन्नता नाहीं. गंमत (गंमत कसली!) अशी कीं, खिन्न झालेली मुलगी पुन्हां तशाच बोलण्याकडे ओढली जाते.

म्हणून ‘तिच्याशीं बोलूं नकोस’ असें आईनें बजावणें हा अन्यायच; होता तो आधारही त्यानें तुटतो. गणितांत नापास झालेल्या मुलीचें रडणें मैत्रिणीनें अवश्य ऐकावें. परंतु चौथ्या संध्याकाळींही तेंच चाललें असेल, तर आईनें दोघींना घरांत बोलवावें, पुढ्यांत खायला ठेवावें आणि कोणतें उदाहरण चुकलें, तें सहज विचारावें.