मोट कशाची होती?

कौंडण्यपूर म्हटलं की रुक्मिणीचं माहेर, इथंच सगळे थांबतात. मी म्हणतो, वर्धेकाठचं ते पांढरीचं टेकाड बघा. १९६०च्या दशकात मोरेश्वर दीक्षितांनी ते खणलं. थरावर थर, वस्तीवर वस्ती!

उत्तरेला सातपुड्यात गाविलगड. १४२५चं श्रेय बहामनी अहमदशहाला, नाव मात्र गुरं चारणाऱ्या गवळ्यांचं. खाली कुणब्यानं काळी कसली. कबूल. पण मेलं ढोर ओढलं कोणी? महारानं. कातडं ढोर-चांभारांनी कमावलं, त्याची मोट झाली, तेव्हा विहिरीचं पाणी मळ्यात चढलं. शिवेचा तंटा पडला की साक्ष महाराची. शिवेआतली काळी पाटला-कुणब्याची! वा रे न्याय.

तेव्हा वऱ्हाडची भुई गवळ्या-कुणब्यांनी घडवली, असं लिहून थांबणाऱ्या पंडिताला एवढंच विचारा: मोट कशाची होती?