नोंद दोघांची, जोखीमही दोघांची



या पदवीदान समारंभाच्या व्यासपीठावरून मराठीत बोलायला मिळतंय, याचा मला विशेष आनंद आहे. मुलताईला उगम पावलेली तापी खान्देश ओलांडून इथं हजीऱ्यापाशी समुद्राला मिळते. तिच्याच वाटेनं खान्देशातली हजारो कुटुंबं सुरतेला आली. उधना, लिंबायत, पांडेसऱ्यात त्यांनी माग चालवले, हजीऱ्याच्या कारखान्यांत पाळ्या केल्या. त्यांची मुलं आज वाणिज्याच्या आणि संगणकशास्त्राच्या पदव्या घेऊन बाहेर पडत आहेत. हिशेब समजणारे आणि संगणकाची भाषा समजणारे असे दोघेही समोर बसलेले असताना, या दोघांनी मिळून करायच्या एका कामाबद्दल मला बोलायचं आहे. ब्लॉकचेन हे तंत्रज्ञान आणि इस्लामी अर्थव्यवहाराची तत्त्वं एकत्र आणण्याचं हे काम आहे.

हा विषय हजीऱ्याला परका नाही. मुघल काळात हजचे यात्रेकरू प्रामुख्यानं सुरतेहून निघत आणि सुरतेचं कापड मोखा, जेद्द्याला जाई. त्या व्यापारात सागरी कर्जाची एक रीत होती. जहाज सुखरूप परतलं, तर भांडवल देणाऱ्याला घसघशीत मोबदला मिळे. जहाज बुडालं, तर त्याचेही पैसे बुडत. म्हणजे समुद्राची भीती एकट्या व्यापाऱ्यानं वाहायची नव्हती.

इस्लामी अर्थव्यवहाराचा गाभा याच्याशी जुळणारा आहे. दिलेल्या पैशावर ठरीव वाढ घेणं म्हणजे रिबा, ती वर्ज्य. कराराच्या मुळाशीच संदिग्धता असणं म्हणजे घरर, तीही वर्ज्य. आणि जुगार तर वर्ज्यच. मग पैसा वाढायचा कसा? भागीदारीतून. मुदारबा नावाच्या करारात एकाचं भांडवल आणि दुसऱ्याचे श्रम असतात. नफा आधी ठरलेल्या प्रमाणात वाटला जातो. श्रम करणाऱ्याची काही चूक नसताना तोटा झाला, तर भांडवल देणाऱ्याचा पैसा जातो आणि श्रम करणाऱ्याची मेहनत. आपल्याकडच्या अर्धेलीच्या शेतीत पाऊस नाही पडला, तर मालक आणि कसणारा दोघांचीही खळी रिकामी राहतात, तसंच हे.

नोंद एकाच बाजूच्या हातात असली, की काय होतं, हे पाहायला आता सुरतेहून महाराष्ट्रात चला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकरी सावकारांविरुद्ध उठले. लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरलं. या दख्खनच्या दंग्यांत माणसांवर हल्ले तुलनेनं थोडेच झाले. शेतकऱ्यांना हवी होती ती कर्जखतं. ती हिसकावून त्यांनी जाळली. असं का केलं असेल? कर्ज घेणाऱ्याला वाचता येत नव्हतं. काय लिहिलंय, किती फिटलंय, किती उरलंय, हे फक्त सावकाराच्या वहीला ठाऊक होतं. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यानं मग कर्जखतं सरकारी नोंदणीदारासमोर करण्याची आणि सावकारानं पावती व हिशेब देण्याची तजवीज केली. जुन्या कर्जाच्या मुळाशी जाऊन चौकशी करण्याचा अधिकारही न्यायालयांना मिळाला. एका वेळी व्याज मुद्दलाहून अधिक वसूल करायचं नाही, हा दामदुपटीचा नियमही आपल्या परंपरेतलाच. म्हणजे व्याजाला लगाम घालण्याची गरज एकाच धर्माला जाणवली, असं नाही.

कुराणातली सर्वांत मोठी आयत कर्जाच्या लेखनाबद्दल आहे. मुदतीचं कर्ज असेल तर लिहून ठेवा, लेखकानं प्रामाणिकपणे लिहावं, साक्षीदार घ्यावेत, असं ती सांगते. तिच्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी सूचना अशी की दस्तऐवजाचा मजकूर कर्ज घेणाऱ्यानं सांगायचा. ज्याच्या डोक्यावर ओझं, त्याच्याच तोंडून करार. सुप्याच्या शेतकऱ्याला नेमकं हेच मिळालं नव्हतं.

ब्लॉकचेनचं महत्त्व मला इथं दिसतं. ही अशी वही आहे, जिची सारखीच प्रत अनेकांकडे असते. प्रत्येक नोंदींच्या गटावर आधीच्या गटाचा गणिती ठसा असतो. मागचं एक अक्षर जरी बदललं, तरी पुढचे सगळे ठसे चुकतात आणि खाडाखोड उघडी पडते. २०१८ मध्ये अबूधाबीच्या अल हिलाल बँकेनं सुकूक, म्हणजे प्रत्यक्ष मालमत्तेवर आधारलेल्या रोख्यांचा व्यवहार ब्लॉकचेनवर पूर्ण केला. त्याच वर्षी, हजीऱ्यात मोठा कारखाना असलेल्या रिलायन्सनं अमेरिकेतल्या ट्रायकॉन एनर्जीला केलेल्या निर्यातीचं पतपत्र, म्हणजे पैसे मिळण्याची बँकेची हमी, एचएसबीसी आणि आयएनजी या बँकांनी ब्लॉकचेनवर हाताळलं. कागदपत्रांची अनेक दिवसांची ये-जा एका दिवसाच्या आत आटोपू शकते, अशी शक्यता त्यातून दिसली. २०२२ मध्ये गडचिरोलीतल्या एटापल्लीत ६५ हजार जातप्रमाणपत्रांसाठी हेच तंत्र वापरायचं ठरलं. बंदरातल्या मालापासून आदिवासी मुलाच्या दाखल्यापर्यंत गरज एकच आहे. कागद खरा आहे, हे तो बाळगणाऱ्याला कुणाच्या मेहेरबानीविना सिद्ध करता आलं पाहिजे.

आता लिंबायतमधला एक कारागीर डोळ्यांसमोर आणा. त्याला पाच लाखांचा माग घ्यायचा आहे. एक लाख त्याचे, चार लाख पतसंस्थेचे. दोघं मागाचे भागीदार झाले. मागाची कमाई ठरल्या प्रमाणात वाटायची आणि त्यातून कारागिरानं संस्थेचा हिस्सा थोडाथोडा विकत घ्यायचा. शेवटी माग पूर्ण त्याचा. याला घटती भागीदारी म्हणतात. कापडाला मंदी आली, तर दोघांचंही उत्पन्न घटतं. अशा करारातली खरी अडचण विश्वासाची असते. या महिन्यात माग खरंच किती चालला, किती कापड विकलं गेलं, हे संस्थेला कसं कळणार? आणि आपला हिस्सा किती झाला, हे कारागिराला कसं कळणार? उत्पादन, विक्री आणि हिस्सा यांची सामाईक, न बदलणारी नोंद असेल, तर हिशेबाचा खर्च कमी होतो. भागीदारी महाग आणि व्याज स्वस्त, असं जे आज होतं, त्यावर हा एक मार्ग आहे.

पण पदवीधरांनो, या तंत्राच्या मर्यादाही तुम्हाला माहीत हव्यात. वजनकाट्यावर खोटं वजन टाकलं, तर ब्लॉकचेन ते खोटं वजन इमानदारीनं जपून ठेवते. नोंद बदलली नाही, एवढीच तिची हमी. नोंद खरी होती का, याची जबाबदारी माणसाचीच. आणि ब्लॉकचेन म्हणजे आभासी चलनांचा सट्टा नव्हे. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेनं २०२१ मध्ये क्रिप्टोचा चलन म्हणून वापर निषिद्ध ठरवला, तो घरर आणि जुगाराच्या याच कसोटीवर.

सर्वांत अवघड प्रश्न यापुढचा आहे. स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे ब्लॉकचेनवर संगणकाच्या कोडमध्ये लिहिलेला करार, तारीख उलटताच आपोआप अंमल करतो. कुराण मात्र सांगतं, कर्जदार अडचणीत असेल तर त्याची परिस्थिती सुधारेपर्यंत मुदत द्या. घरात आजारपण आलं आहे, तापीच्या पुरात माग भिजला आहे, हे यंत्राला कळत नाही. म्हणून सवलतीचं कलम करारात पहिल्या दिवसापासून लिहावं लागेल: थांबायचं कधी, ते ठरवायचं कुणी, त्याची नोंद ठेवायची कशी. संगणकशास्त्राच्या पदवीधरांनो, ही दया तुम्हाला कोडमध्ये बसवायची आहे. वाणिज्याच्या पदवीधरांनो, तिचा खर्च कुणी उचलायचा, हे तुम्हाला मांडायचं आहे.

वाट सरळ नाही. बँकिंग कायद्यानुसार आपल्या बँकांना मालाची खरेदी-विक्री करता येत नाही, त्यामुळे भागीदारीचे बरेच करार त्यांच्या चौकटीत बसत नाहीत. रघुराम राजन समितीनं २००८ मध्ये बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली, दीपक मोहंती समितीनं २०१५ मध्ये बँकांत त्यासाठी वेगळी खिडकी सुचवली. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेनं हा विषय पुढे न नेण्याचं ठरवलं. तरीही लोकांनी वाटा शोधल्या. १८१४ पासून सुरतेत जामिया सैफिया हे विद्यापीठ चालवणाऱ्या दाऊदी बोहरा समाजात केवळ मुद्दल परत घेणारं कर्ज-ए-हसना रुजलेलं आहे. २०१६ मध्ये सोलापूरच्या लोकमंगल सहकारी बँकेनं बारामतीत बिनव्याजी कर्जाचा प्रयोग केला. सुपे हे गाव आज बारामती तालुक्यातच आहे. जिथं कर्जखतांची होळी झाली, त्याच तालुक्यात एका सहकारी बँकेनं बिनव्याजी कर्ज देऊन पाहिलं. हा वारसा हिंदू-मुसलमान अशा वाटण्या करून सांगण्याजोगा नाही. तो आपल्या सगळ्यांचा आहे.

तुम्हाला माझं एकच सांगणं आहे. सुरुवात लहान करा. तुमच्या गल्लीत आईची भिशी असेल. वीस बायका महिन्याला ठरावीक रक्कम जमवतात आणि पाळीपाळीनं उचलतात. ओळखीच्या वीस जणींना ब्लॉकचेन लागत नाही. प्रत्येकीच्या फोनवर तीच नोंद दिसली, तरी पुरे. ती नोंद आधी नीट करून द्या. मग एखाद्या पतसंस्थेत जा, मागवाल्यांबरोबर बसा, घटत्या भागीदारीचा एक करार त्यांच्या बोलीत लिहा आणि कर्ज घेणाऱ्याकडून मोठ्यानं वाचून घ्या. त्याला समजला नाही, तर परत लिहा. अनोळखी माणसं, दूरची बंदरं, अनेक भागीदार आले, की ब्लॉकचेन आणा. तंत्रज्ञान निवडण्याआधी, बुडालं तर कुणाचं बुडणार, हे विचारा. उत्तर 'फक्त गरिबाचं' असं आलं, तर कितीही मोठा पगार मिळो, तो करार लिहू नका.

तुमच्या पदवीला तुमच्या लोकांचा विश्वास लाभो.