ठेवी येथल्या, कर्जे कोठली?

गरिबाची ठेव घ्यायची, पण त्याच्या वस्तीत कर्ज द्यायचे नाही, असा अमेरिकेतील अनेक बँकांचा शिरस्ता होता. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या नकाशावर तांबड्या रंगाने दाखविल्या, की अर्ज वाचण्याचे कष्टही वाचत! शिकागोतील साउथ शोअर वस्तीमधली बँक तर शहराच्या मध्यभागी स्थलांतर करू पाहत होती. सरकारने परवानगी नाकारली. १९७३ मध्ये नव्या मालकांनी ती विकत घेऊन, जीर्ण इमारती दुरुस्त करू इच्छिणाऱ्या तेथल्याच रहिवाशांना कर्जे दिली. हा दानधर्म नव्हे. व्याजासह वसुलीचा रोखठोक व्यवहार होता. पुढे १९७७ च्या कायद्याने, ठेवी जेथून घेतल्या तेथील गरीब वस्त्यांचीही कर्जाची निकड भागविणे हे बँकांचे कर्तव्य ठरले. मंदीच्या तडाख्यात २०१० मध्ये साउथ शोअरची बँक बुडाली. कायदा मात्र टिकून आहे.