बी का भरत नाही?
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



घरी सफरचंद आणले की ते एकदा आडवे कापून पाहा. आत चांदणीसारखे पाच कप्पे दिसतील. प्रत्येकात साधारणतः दोन, म्हणजे एकूण दहापर्यंत बिया असू शकतात. परंतु काही जातींत मोजक्याच बिया टपोऱ्या असतात. बाकीच्या चपट्या नि पोकळ. असे का व्हावे?

याचे उत्तर पेशीत आहे. सफरचंदाच्या पेशीत सामान्यतः ३४ गुणसूत्रे, म्हणजे १७ जोड्या असतात. पराग आणि बीजांड तयार होताना प्रत्येक जोडी सुटते व निम्मी, म्हणजे १७ गुणसूत्रे, प्रत्येकाच्या वाट्याला येतात. जोडी असली की वाटणी सरळ होते. पण ब्रॅम्ले, जोनागोल्ड यांसारख्या जातींत ५१ गुणसूत्रे, म्हणजे १७ चे तीन संच असतात. तिघांची दोन घरांत सारखी वाटणी कशी व्हावी? कोठे जास्त जातात, कोठे कमी. बहुतेक पराग निकामी ठरतात आणि बऱ्याच बिया भरत नाहीत. म्हणून अशा झाडांच्या बागेत चांगले पराग देणाऱ्या आणखी दोन जाती लावण्याची शिफारस करतात.

सफरचंद आपल्याकडे मुख्यतः बाहेरून येते. पण केळी तर आपल्या ओळखीची. नेहमीच्या बसराई केळीत ३३ गुणसूत्रे, म्हणजे ११ चे तीन संच असतात. तिला बी धरत नाही. फळ मात्र परागावाचून पोसते. बी नाही म्हणून लागवड मुनव्यांनी किंवा ऊतिसंवर्धित रोपांनी करावी लागते. साहजिकच सारी बाग एकाच वाणाची, एकाच गुणाची. जो रोग एका झाडाला मारतो, तो सर्वांनाच मारू शकतो. ग्रो मिशेल ही जगाच्या व्यापारातील प्रमुख केळी १९६० च्या सुमारास अशीच मर रोगाने मागे पडली.

'मग आपल्याकडच्या थॉमसन सीडलेस द्राक्षांतही तसेच असेल,' असे तुम्ही म्हणाल. नाही! तेथे ३८ गुणसूत्रांच्या १९ जोड्या पूर्ण आहेत. फलन होते, बी धरू लागते आणि मध्येच तिची वाढ खुंटते. येथे दोष गुणसूत्रांच्या संख्येत नाही. कारण जनुकात आहे.

विद्यार्थी मित्रहो, परिणाम सारखा दिसला म्हणून कारणही एकच मानू नका. आणि पालकहो, मुलाने किंवा मुलीने 'असे का?' विचारले तर 'गप्प बैस' म्हणू नका. उत्तर येत नसले तरी चालेल. शेजारी बसून एक फळ कापा आणि दोघे मिळून बिया मोजा. शास्त्राचा अभ्यास तेथूनच सुरू होतो.