वॉर्डाची यादी आपण करू



मी सातवी शिकलेली बाई, भाषणाची सवय नाही. पण वीस वर्षे घरचा जमाखर्च लिहिते, त्यातलेच दोन शब्द सांगते.

महिन्याच्या यादीत तांदूळ लिहायचे राहिले, तर वाणी आपण होऊन ते देत नाही. शहराचेही तसेच. पुणे महानगरपालिकेने २००६ साली नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत सुरू केली. दिवा, पदपथ, बाक अशी आपल्या भागातली लहान कामे अर्जावर लिहून क्षेत्रीय कार्यालयात द्यायची. आपले कार्यालय बिबवेवाडीचे.

मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधली जवळजवळ चार वर्षे आपल्या वतीने सभागृहात बोलणारे कोणी नव्हते. म्हणून म्हणते, नगरसेवक असोत वा नसोत, आपले मागणे आपण लिहून द्यावे.

आमच्या गल्लीतल्या मुली संध्याकाळी क्लासहून येताना अंधाराला भिऊन लांबचा रस्ता धरतात. ओट्यावर बसून हळहळल्याने तिथे दिवा लागणार नाही. अर्जात ‘उजेड करा’ असे मोघम लिहू नये. गल्ली कोणती, कोणत्या घरापासून कोणत्या घरापर्यंत, ते नीट लिहावे. पोच घ्यावी. अंदाजपत्रकात काम आले का ते पाहावे. नसेल तर पुढच्या साली पुन्हा लिहावे.

सूचना मागवल्या की प्रत्येकीने एक तरी अर्ज भरावा. जिला लिहिता येत नाही, तिचा मी लिहून देईन. दुपारी तीननंतर मी घरीच असते.