नाही, नको आणि नव्हे
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, 'तुझ्या क्षेत्राविषयी काहीतरी बोल.' मी सॉफ्टवेअरवर बोलायला लागले तर अर्धा हॉल जेवणाच्या रांगेत जाऊन उभा राहील, याची मला खात्री आहे. म्हणून आज एकच शब्द घेऊन आले आहे. तो म्हणजे 'नाही'. माझ्या कामात तो रोज लागतो, आणि तुम्हाला सगळ्यांनाही लागतो.

आपल्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. पहिलीपासून इंग्रजी महाराष्ट्रात २००० साली आलं. 'विरुद्धार्थी शब्द लिहा' हा प्रश्न आठवत असेल. हॅपी-अनहॅपी, पॉसिबल-इम्पॉसिबल, ऑनेस्ट-डिसऑनेस्ट. कुठे 'अन', कुठे 'इम', कुठे 'डिस', हे कळायचं नाही. आपण पाठ करून मोकळे व्हायचो. पुढे कळलं की या उपसर्गांचा पक्का नियम नसला, तरी त्यांचं घराणं मात्र सांगता येतं. इंग्रजीतला 'अन' तिच्या स्वतःच्या जर्मानिक घरातला, 'इन' लॅटिनमधून आलेला, आणि 'अ' किंवा 'अ‍ॅन' ग्रीकमधला. हे तिन्ही आणि आपल्या संस्कृतातले 'अ' आणि 'अन्' मुळात एकच आहेत. आपण व्यंजनापुढे 'अ' लावतो आणि स्वरापुढे 'अन्': अज्ञान, पण अनादर. ग्रीकही तसंच करते. 'अज्ञात' आणि 'अननोन' हे तर सख्ख्या चुलतभावांसारखे आहेत, त्यांच्यातला 'ज्ञा' आणि 'नो' हासुद्धा एकच धातू. 'अमृत' आणि ग्रीक देवांचं खाणं 'अँब्रोझिया' यांचंही नातं असंच आहे. इंग्रजी परकी म्हणून आपण घाबरायचो, पण तिचा नकार निदान आपल्या नात्यातला निघाला.

मराठीने मात्र एवढ्यावर भागवलं नाही. संस्कृतातून अ, निर्, वि घेतले. फारसी-अरबीतून बे, ना, गैर, ला घेतले: बेफिकीर, नापसंत, गैरहजर, लावारिस. शिवाय बिनपगारी, बिनविरोध आणि आपल्या शिक्षकांचा जिव्हाळ्याचा शब्द विनाअनुदानित. यातला माझा सगळ्यात आवडता शब्द 'नापास'. 'ना' फारसी, 'पास' इंग्रजी आणि जोडणी आपली. शुद्ध मराठीत 'अनुत्तीर्ण' आहेच, पण 'अनुत्तीर्ण झालो' असं घरी जाऊन सांगितलेलं मी तरी कोणाकडून ऐकलं नाही.

या उपसर्गांवर डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही, हेही सांगायला हवं. मोहने, आंबिवली, शहाड हा कारखान्यांचा पट्टा. टँकरच्या पाठीवर 'हायली इन्फ्लेमेबल' असं लिहिलेलं आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. 'इन' म्हणजे नाही असं पाठ केलेल्या मुलाने याचा अर्थ काय लावावा? 'न पेटणारं'? प्रत्यक्षात अर्थ नेमका उलटा, चटकन पेट घेणारं. हा 'इन' नकाराचा नाही, 'आत' या अर्थाचा आहे. हा घोटाळा जिवावर बेतू शकतो, म्हणून अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या लोकांनी विसाव्या शतकात 'फ्लेमेबल' हाच शब्द वापरा असा आग्रह धरला. 'इन्व्हॅल्युएबल'चंही तसंच. ज्याला किंमत नाही ते नव्हे, ज्याची किंमत करता येत नाही ते. आपला 'अमोल' हेच सांगतो.

आता माझ्या कामाकडे येते. नसणं म्हणजे शून्य नव्हे, हे सॉफ्टवेअरमध्ये फार लवकर शिकावं लागतं. शिक्षकांना हे वेगळं सांगायला नको. गुणपत्रकात '०' आणि 'गैरहजर' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तीन मुलांपैकी एकाला ६०, दुसऱ्याला ८० गुण, तिसरा आजारी. सरासरी ७० धरायची की त्याला शून्य देऊन ४६.६७? संगणकात अशा रिकाम्या जागेला 'नल' म्हणतात. टोनी होअर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९६५ मध्ये संगणकाच्या एका भाषेत ही 'नल'ची सोय केली. २००९ मध्ये त्यानेच एका परिषदेत सांगितलं की, ती आपली अब्ज डॉलरची चूक होती, इतके प्रोग्राम तिच्यामुळे कोसळले. कारण रिकाम्या जागेचे अर्थ अनेक असतात. फोन नंबरचा रकाना कोरा आहे. म्हणजे फोनच नाही? आहे पण दिला नाही? की विचारलाच नाही? यंत्राला तिन्ही सारखेच दिसतात. माणसाला तसे दिसू नयेत.

मराठीत हा फरक आपण लहानपणापासून करतो. 'चहा नाही', 'चहा नको' आणि 'हा चहा नव्हे'. पहिल्यात डबा रिकामा आहे, दुसऱ्यात इच्छा नाही, तिसऱ्यात वहिनींची थट्टा आहे. 'करू नये' म्हणजे आणखी वेगळंच. इंग्रजीत हे सगळं 'नो' आणि 'नॉट' यांच्या भोवती शब्द जोडून सांगावं लागतं. 'नको' या एका शब्दाला इंग्रजीत सरळ जोड नाही. मराठी माध्यमातून आलो म्हणून कमी पडतो, असं आपल्यातल्या अनेकांना कॉलेजच्या पहिल्या वर्षी वाटायचं. नेमका विचार करायला लागणारी हत्यारं आपल्याकडे आधीपासून होती, हे तेव्हा कोणी सांगितलं नाही, म्हणून आज मी सांगते आहे.

पण याच 'नको'ची एक काळी बाजूही आहे. आपल्या महाराष्ट्रात मुलींना 'नकोशी', 'नकुशा' अशी नावं ठेवली गेली. मुलगा हवा होता, पुन्हा मुलगी झाली, म्हणून. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात समारंभ करून अशा २८० हून अधिक मुलींना नवी नावं देण्यात आली. हजेरी घेताना रोज ते नाव पुकारलं जायचं आणि त्या मुलीला 'हजर' म्हणावं लागायचं. नाव बदलणं म्हणजे नुसता समारंभही नव्हे. दाखला, रेशनकार्ड, गुणपत्रिका, सगळीकडे तो 'नको' खोडावा लागतो.

टाळण्याचीही भाषा असते. इंग्रजीत कर 'अव्हॉइड' करणं कायद्यात बसतं, 'इव्हेड' करणं गुन्हा ठरतो. आपण एकाला कर वाचवणं म्हणतो आणि दुसऱ्याला करचुकवेगिरी. पण मराठी माणूस सगळ्यात जास्त टाळतो तो अशुभ शब्द. बांगडी फुटली तर 'वाढवली', नारळही वाढवतो, दुकान बंद करतानाही ते वाढवतो. नसण्याला असण्याचा, उण्याला अधिकाचा शब्द देतो. आपल्या आयांनी पगाराच्या आधीच्या आठवड्यात घरात काय नाही हे आपल्याला फारसं कळू दिलं नाही, तेही याच भाषेत.

विरोधाचेही प्रकार आहेत. १९२० मध्ये गांधीजींनी 'असहकार' पुकारला, म्हणजे साथ काढून घ्यायची. १९४३ मध्ये साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांनी 'प्रतिसरकार' उभं केलं, म्हणजे समोरासमोर दुसरं सरकार. एका शब्दात 'अ' आहे, दुसऱ्यात 'प्रति', आणि दोन्ही लढ्यांची रीत त्या उपसर्गातच आली आहे.

आपल्या पट्ट्यातल्या घरांना आणखी काही शब्द ठाऊक आहेत. संप, टाळेबंदी, ले-ऑफ, क्लोजर. बाहेरच्याला सगळ्यांचा अर्थ एकच वाटतो, काम बंद. पण संपात कामगार थांबतो, टाळेबंदीत मालक दार लावतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात या प्रत्येकाची व्याख्या वेगळी केली होती. ले-ऑफमध्ये पात्र कामगाराला मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई होती, कारखाना कायमचा बंद झाला तर हिशोब वेगळा. दारावर लागलेल्या कागदात नेमका कोणता शब्द आहे, यावर घरात किती पैसे येणार हे ठरायचं. आणि तो कागद बऱ्याचदा इंग्रजीत असायचा.

म्हणूनच मला शेवटी एक मागणं मागायचं आहे. आपण चाळिशी ओलांडली, आपले आईवडील सत्तरीपुढे गेले. त्यांच्या हातात रोज कागद आणि मोबाइलवर मेसेज येतात. बँकेचे, विम्याचे, सोसायटीच्या पुनर्विकासाचे. त्यात नकार लपलेले असतात. 'अनलेस' दिसायला साधा, पण त्याच्या पोटात 'नाही तर' आहे. 'फेलिंग विच' म्हणजे 'अन्यथा'. वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिशीत लिहिलेलं असतं की, अमुक दिवसांत हरकत आली नाही तर कोणाचीही हरकत नाही असं समजलं जाईल. म्हणजे गप्प बसणं हीच सही. 'आधार आणि रेशनकार्ड नसल्यास अर्ज बाद' या वाक्याचा अर्थ काय? एक असलं तर चालेल का? आम्हा प्रोग्रामरना यासाठी डी मॉर्गनचा नियम शिकवतात. हा ऑगस्टस डी मॉर्गन १८०६ मध्ये आपल्या मदुराईत जन्मला. 'दोन्ही आहेत' हे खोटं ठरायला एक नसलं तरी पुरतं. 'एक तरी आहे' हे खोटं ठरायला दोन्ही नसावी लागतात. अर्ज लिहिणाऱ्याच्या मनात यातलं कोणतं आहे, हे खिडकीवर विचारूनच घ्यावं, अंदाजाने नको.

तर मागणं एवढंच, की घरातल्या आणि शेजारच्या वडीलधाऱ्यांचा असा प्रत्येक कागद सही होण्याआधी शेजारी बसून वाचून दाखवा. सारांश सांगू नका, प्रत्येक वाक्य मराठीत सांगा. जिथे 'नाही', 'शिवाय', 'अन्यथा', 'माफ' असे शब्द येतील तिथे थांबा आणि विचारा, 'कळलं का? हे चालेल का?' आणि 'नको' असं उत्तर आलं तर ते पूर्ण उत्तर आहे असं धरा. 'तुम्हाला काय कळतंय' हे वाक्य आपण टाळूया. ज्यांनी बिनपगारी दिवस काढून आपली फी भरली, त्यांच्यासाठी महिन्यातला एक तास जड नाही. शाळेने हॉल दिला तर महिन्यातून एका रविवारी इथेच बसता येईल. मी येईन. आणखी कोण येणार, ते जेवताना मला सांगा.

सर, बाई, तुम्ही आम्हाला विरुद्धार्थी शब्द शिकवलेत, त्यावर माझं पोट चाललं आहे. आभार मानणं हे आपल्या नात्यात थोडं परकं वाटतं, म्हणून मानत नाही. आणि मराठीत निघताना 'जाते' म्हणायचं नसतं.

येते.