महासाथ आणि शिकाऊ डॉक्टर



वैद्यकीय पदवीची अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर विद्यार्थ्याला आंतरवासिता पूर्ण करावी लागते. या काळात तो पुरता विद्यार्थी नसतो आणि पुरता डॉक्टरही नसतो. ९ मार्च २०२० रोजी पुण्यात राज्यातील पहिले कोरोना रुग्ण आढळले. तेव्हा या तरुणांपुढे उभा ठाकलेला आजार त्यांच्या क्रमिक पुस्तकांत नव्हता.

त्यांचे अध्यापकही तो नव्यानेच शिकत होते. प्रारंभी वस्तूंच्या स्पर्शातून होणाऱ्या संसर्गावर मोठा भर होता; पुढे हवेतून होणाऱ्या प्रसाराचे महत्त्व पटले. आरोग्यसेवकांना प्रतिबंधक म्हणून सुचविलेले हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चाचण्यांत निरुपयोगी ठरले. उलट, डेक्सामेथासोन हे जुने व स्वस्त औषध प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांचे मृत्यू कमी करते, असे ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीने जून २०२० मध्ये दाखविले. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती, त्यांना मात्र त्याचा लाभ नव्हता. हा भेद दुर्लक्षिला गेल्यास काय घडते, याची जाणीव २०२१ मध्ये मधुमेही रुग्णांत पसरलेल्या म्युकरमायकोसिसने करून दिली. कालचे ज्ञान आज तपासून पाहणे, हाच त्या काळाचा खरा धडा होता.

ज्ञानाइतकाच वृत्तीचाही कस लागला. संरक्षक पोशाख चढविण्यापेक्षा तो उतरविताना अधिक जपावे लागते. थकलेल्या हातांनाही ही शिस्त पाळावी लागे. घरच्या वृद्धांपर्यंत आजार पोहोचेल, ही धास्ती निराळीच. अशी भीती वाटणे म्हणजे कर्तव्याला चुकणे नव्हे. तिला सावधगिरीचे वळण देणे महत्त्वाचे.

समाजाची वृत्ती मात्र सर्वत्र सारखी नव्हती. काही ठिकाणी टाळ्या वाजल्या, तर काही ठिकाणी घरमालकांनी दारे लावली. मुंबई इलाख्यातील प्लेगच्या वेळी झालेल्या १८९७ च्या साथरोग कायद्यात २२ एप्रिल २०२० रोजी अध्यादेशाने दुरुस्ती करून आरोग्यसेवकांवरील हिंसा अजामीनपात्र गुन्हा ठरवावी लागली. ३ मे २०२१ रोजी आंतरवासी डॉक्टरांना अध्यापकांच्या देखरेखीखाली कोरोना सेवेत घेण्याचा निर्णय केंद्राने जाहीर केला, तेव्हा त्यांची गरज सर्वांनाच उमगली होती.

आंतरवासितेचा काही काळ ग्रामीण भागातही जातो. अशा तरुणाला राहण्यास सुरक्षित जागा मिळते का, हे पंचायतीने पाहावे. अफवांना शिक्षकांनी शाळेतच उत्तर द्यावे. आणि एखादा शिकाऊ डॉक्टर “मला नक्की माहीत नाही, वरिष्ठांना विचारून सांगतो” असे म्हणाला, तर गावाने त्याच्यावरील विश्वास कमी करू नये, वाढवावा.